आधी पेले

आमच्याकडे आधी पेले. मग वाट्या-चमचे, ताटं, डाव-पळ्या, त्यानंतर पातेली, आणि सगळ्यात शेवटी कढई आणि तवा. हा क्रम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण मोडला की मागून कुणीतरी म्हणतंच, "अगं, तेलाचा हात लागला की पेल्यांना!" पेला ओठांना लागतो, त्याला ओशटपणा चालत नाही, म्हणून घासणी कोरी आहे, साबणाला फेस आहे तोवर तो उरकून घ्यायचा. दुधाचं पातेलं या रांगेत उभंच राहत नाही. ते केव्हाच गार पाणी घालून बाजूला ठेवलेलं असतं. गरम पाण्यानं दुधातलं प्रथिन आणखी आळतं आणि बुडाला धरून बसतं, हे पुस्तकात वाचायच्या कितीतरी आधी आईनं शिकवलं होतं. तिनं प्रथिनाचं नाव काढलं नव्हतं. "गारच घाल," एवढंच म्हणाली होती, आणि आवाजात असा काही धाक होता की आजही त्या पातेल्यापाशी माझा हात गरम पाण्याच्या नळाकडे जात नाही.

सासरी वेगळाच कायदा. सासूबाई आधी कढई घ्यायच्या, मग कुकर, मग पातेली. "मोठा पसारा हलला की सिंक मोकळं दिसतं. वाट्या-चमच्यांचं काय, बोलता बोलता होतात." त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणूनच ते पटायला मला बरीच वर्षं लागली. शेवटी समेट झाला तो दोन घासण्यांवर: तेलकटाची एक, बाकीच्याची एक. माहेरचा क्रम टिकला आणि सासरचा मोकळेपणाही. रात्रीची खरकटी भांडी सकाळपर्यंत ठेवायची नाहीत, यावर मात्र दोन्ही घरांचं एकमत होतं. ठेवली तर म्हणे लक्ष्मी रुसते. लक्ष्मीचं नाव पुढे करून आपल्या बायकांनी झुरळांचा आणि मुंग्यांचा केवढा बंदोबस्त केला आहे!

खरं तर निम्मी भांडी सिंकपर्यंत पोचायच्या आधीच, पोटात घासली जातात. तूप कढवलं की बेरी काढून झाल्यावर त्या भांड्यात मूठभर कणीक टाकायची, ती कडेनं फिरवून सगळं तूप टिपून घ्यायचं आणि तीच पोळ्यांच्या कणकेत मिसळायची. मिक्सरच्या भांड्यात वाटण अडकलं की पाणी घालून एकदा फिरवायचं आणि ते आमटीत. लोणच्याची बरणी संपली की तिच्यातच गरम भात कालवायचा. दुधाची खरवड तर वादाचा विषय. आजी ती शिंपल्यानं काढायची आणि शिंपला ज्याच्या हाती त्याचं राज्य. एवढं सगळं झाल्यावर साबणाला उरतं ते थोडंच. हल्ली याला काटकसर म्हणून कुणी नाक मुरडतं, कुणी पर्यावरण म्हणून टाळ्या वाजवतं. आमच्याकडे ते नुसतं चविष्ट होतं.

आजीची घासायची जागा मागच्या पडवीच्या टोकाला होती. चिऱ्यांचा बुटका ओटा, शेजारी दगडी डोण, डोणीवर पाण्याला एक गडू. राख चुलीतलीच, पण चाळलेली; खडा राहिला तर भांड्यावर ओरखडा उठतो. ती एका करवंटीत, दुसऱ्या करवंटीत आमटीसाठी कोळ काढून उरलेला चिंचेचा चोथा. घासणी म्हणून नारळाची शेंडी. पावसाळ्यानंतर वेलावरच वाळलेलं घोसाळं मिळालं तर चैन. त्याची सालं सोलून बिया झटकल्या की आत जी जाळी उरते, तिच्यासारखी घासणी मी अजून दुकानात पाहिलेली नाही. आजी पाटावर बसायची, लुगड्याचा ओचा खोवून. ओली शेंडी राखेत बुडवायची आणि पातेलं मांडीशी धरून आतून, मग बाहेरून, मग काठाखाली, असं गोल गोल फिरवायची. तिचा हात फिरायचा नाही, पातेलं फिरायचं. हे मी आजही करून पाहते. मनगट दुखत नाही.

लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ओलं झालं की ते अल्कधर्मी होतं, आणि भांड्याला लागलेल्या तेलातुपाचा थोडासा साबणच तिथल्या तिथे तयार होतो. म्हणजे आजी भांडं घासता घासता साबण करायची आणि तो वापरून संपवायचीही. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळपट थर विरघळवतं. चोथा फिरवला की पाण्याच्या हंड्यावर तो गुलाबीसर तांबडा रंग क्षणात वर येतो. आजीच्या लेखी यात विज्ञान वगैरे काही नव्हतं. तिची जरब एवढीच की पितळी पातेल्याला आतून जोर लावायचा नाही. आत कल्हई असते.

कल्हई हे एक वेगळंच प्रकरण. भात्याच्या धगीवर भांडं तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उसळला की कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते वितळलेलं कथील आतून सर्रकन फिरवायचं. काळं भांडं बघता बघता चांदीचं. कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा आमटी राहिली तर कळकते. जीभ तुरट होते, पोट बिघडतं. म्हणून घासणाऱ्या हातानंच आधी ओळखायचं की आतला पांढरा थर विरळ झाला आहे, लालसर डाग दिसू लागलेत. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत ठोक्यांचा आवाज अजून येतो, पण आता मठारलेली भांडी बहुतेक दिवाणखान्यात शोभेला बसतात. ज्या भांड्याला रोज घासावं लागत नाही त्याला कल्हई तरी कशाला?

आजीच्या ओट्यावरून वाहणारं पाणी एका चरातून अळवात जायचं, अळवातून पुढे केळीत. राख, चिंच, भाताची शितं, भाजीचे देठ, सगळं त्या पाण्यात. आमच्या भांड्यांचं पाणी पिऊन माजलेलं अळू पुन्हा आमच्याच पातेल्यात फदफदं होऊन शिजायचं आणि त्या पातेल्याचं पाणी परत अळवात. आता सिंकच्या जाळीखाली काय होतं ते फक्त प्लंबर बघतो. नळ मोकळा सोडला तर मिनिटाला सहा-आठ लिटर पाणी सहज जातं, आणि आपण सारे मोकळाच सोडतो. माझी नणंद लातूरची. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा तिच्या घरी पत्रावळी आल्या होत्या. जी भांडी टळत नव्हती ती आधी कागदानं कोरडी पुसून मग एका घमेल्यात घासायची, दुसऱ्या घमेल्यात विसळायची, आणि विसळलेलं पाणी संडासाला. अजूनही ती आमच्याकडे आली की आधी नळ बारीक करते, मग पदर खोचते. मी काही बोलत नाही.

आमचं बिऱ्हाड डोंबिवलीच्या चाळीत आलं आणि पडवी संपली. खोलीच्या कोपऱ्यात वीतभर कट्ट्याची मोरी. तिथेच अंघोळ, तिथेच धुणं, तिथेच भांडी. आई घराकडे पाठ करून बसायची. तिचा चेहरा दिसायचा नाही, पण भांडी ऐकू यायची, आणि त्यावरून सगळं समजायचं. एका लयीत वाजत असली तर बाबांनी उरलेला पेपर निवांत वाचावा. मध्येच चमचे तांब्यात दाणकन पडले तर बाबा चष्मा काढून विचारायचे, "काय झालं?" "कुठे काय?" आणि पुढचं पातेलं आणखी जोरात. पुढे फ्लॅट आला, उभ्याचा ओटा आला, कडप्प्यात बसवलेलं स्टीलचं सिंक आलं, सिंकवर खिडकी. आईची उठण्या-बसण्याची दगदग वाचली, तरी पहिल्यांदा ती म्हणाली ते मला आठवतं: "उभ्यानं घासलं की घासल्यासारखंच वाटत नाही." खिडकीतून समोरच्या इमारतीतली बाईही आपल्या सिंकपाशी उभी दिसायची. दोघी वर्षानुवर्षं एकमेकींकडे बघत भांडी घासत राहिल्या. नावं माहीत नव्हती.

त्याच काळात पितळ माळ्यावर गेलं आणि स्टील आलं. ते आलं बोहारणीच्या टोपलीतून. जुने शर्ट, जरीच्या साड्या, विजारी यांच्या बदल्यात एक डबा, एक वाडगं. "ह्यावर अजून एक पँट टाका, ताई," आणि आई टोपलीतला डबा पुन्हा पुन्हा नखानं वाजवून पाहत असायची. उरलेलं स्टील लग्ना-मुंजीतून आलं, आणि प्रत्येकावर दुकानदारानं ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं. चि. सौ. कां. अमुक हिस तमुकांकडून सप्रेम भेट, खाली तारीख. घासताना बोटाखाली ती अक्षरं लागतात. आमच्याकडे एक तांब्या आहे, त्यावर नाव आहे अशा माणसाचं ज्याच्याशी आमचं पुढे जमिनीवरून वाजलं आणि बोलणं बंद झालं. त्याच्या तांब्यानं आम्ही रोज पाणी प्यायलो. साबणानं सप्रेम जवळजवळ गेलं आहे, भेट अजून वाचता येते.

घासणाऱ्याला घर कळतं, असं मला फार वाटतं. रांधणाऱ्याला कळतं ते त्यानं काय वाढलं एवढं. कोण काय जेवलं ते सिंकपाशी कळतं. ह्यांच्या आमटीच्या वाटीत तळाला नेहमी एक घोट राहतो, लहानपणापासून राहतो म्हणे. मुलाच्या ताटाच्या कडेला कढीपत्ता आणि मोहरी ओळीनं लावलेली. सासरे ताट बोटानं इतकं पुसायचे की घासायला लाज वाटावी. सकाळी सिंकमध्ये चहाचं एकच भांडं आणि गाळणीत गार चोथा दिसला की समजायचं, रात्री कुणालातरी झोप लागली नाही. विचारायचं नाही, गाळणी आपटून चोथा काढायचा. मुलीच्या शाळेच्या डब्याचं झाकण उघडताच वर्गात काय बिनसलं ते कळायचं. शेजारणीचं भांडं ओळखू यायचं ते वेगळ्या कारणानं: ते घासून, कोरडं करून, साखर नाहीतर दोन लाडू घालून परत द्यायचं असतं. रिकामं भांडं परत करत नाहीत.

आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना तर हे वाचन आमच्याहून चांगलं यायचं. सासूबाई शेवटच्या आजारात गेल्या, त्याच्या बऱ्याच आधी मावशी मला ओट्यापाशी हळूच म्हणाल्या होत्या, "वहिनी, आजी भात टाकतात हल्ली. भाजी ताटाखाली लपवतात." आम्ही शेजारी बसून जेवत होतो आणि आम्हाला दिसलं नव्हतं. त्यांना खरकट्यावरून दिसलं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "नीट जेवते की!" दुसऱ्या दिवशी ताट अगदी लख्ख. मावशी म्हणाल्या, "आज खिडकीतून टाकलंय."

एवढं सगळं ज्या बाईला ठाऊक, तिला आमच्या जुन्या बिल्डिंगीत घरोघरी चहा मिळायचा तो वेगळ्या कपात. कान तुटलेला, खिडकीच्या गजामागे पालथा ठेवलेला. साऱ्या घराचे कप जिच्या हातानं स्वच्छ होतात, तिच्यासाठी एक कप वेगळा, आणि तोही तिनंच धुवायचा. या गोष्टीचा अर्थ लावायचा मी प्रयत्न करत नाही, कारण तो लागण्यासारखा नाही. ती फक्त लाजिरवाणी आहे. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला. पगार वाढवा, आजारी पडलो तर पैसे कापू नका, सुट्टी द्या, असल्या मागण्या. त्यानंतर त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात व्हायला २००८ उजाडलं. अठ्ठावीस वर्षं. करपलेलं पातेलंही एवढा वेळ कुणी भिजत घालत नाही.

मग २०२० चा मार्च आला आणि मावशींना घरी थांबावं लागलं. पगार घरोघरी चालू राहिला की नाही हा प्रश्न अनेक घरांनी सोयीनं विसरून टाकला. सिंकनं मात्र कुणाला विसरू दिलं नाही. ह्यांनी पहिल्या आठवड्यात बाह्या सरसावून विचारलं, "आपण एवढी भांडी वापरतो?" तो प्रश्न तेव्हा घरोघरी विचारला गेला असणार. पुढे ते तरबेज झाले. कुकरची रिंग काढून वेगळी धुवायची, शिट्टीच्या भोकात फुंकर मारून बघायची, ताटं भिंतीला टेकवून तिरपी निथळत ठेवायची, पातेली एकावर एक पालथी घालायची नाहीत, नाहीतर दुसऱ्या दिवशी दोघं मिळून ओढावी लागतात. ते कढई इतक्या निगुतीनं घासायचे की बिडाच्या तव्यालाही एकदा साबण लावून आले. त्या तव्याला साबण लावत नाहीत. मी तो पुन्हा तेल पाजून धिरड्यांवर घातला, चार दिवस पोळी उचटेना.

माणसांच्या मनात यंत्राचा विचार येतो तो अशा वेळी. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये जोसेफिन कॉक्रन नावाच्या बाईंच्या चिनी मातीच्या सुबक ताटांचे नोकरांच्या हातून टवके उडत, म्हणून वैतागून त्यांनी स्वतःच भांडी धुण्याचं यंत्र बनवलं. २८ डिसेंबर १८८६ ला त्यांना त्याचं पेटंट मिळालं, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलंही गेलं. ताटं उभी करायच्या तारेच्या खणांवर जोराचं साबणपाणी, ही त्यांची युक्ती आजही तशीच चालते. पण ते यंत्र चपट्या ताटांच्या जेवणासाठी जन्माला आलं. आपली खोल कढई, पाच लिटरचा कुकर आणि पुरणाची परात त्यात बसवायची म्हणजे बाकी घर बाहेर काढावं लागतं. टोरंटोला असलेल्या माझ्या मुलीच्या स्वयंपाकघरात ते भाड्याच्या जागेबरोबरच आलं आहे. ती हातानं भांडी घासते आणि निथळायला त्यात ठेवते. तिथल्या ओळखीच्या मराठी घरांत तिनं हेच पाहिलं.

आणि भांडी घासण्याची आपल्याकडची सगळ्यात थोर कथा, ती तर नीट न घासल्याचीच आहे. सूर्यानं दिलेलं तांब्याचं पात्र. द्रौपदी जेवेपर्यंत त्यातलं अन्न संपत नाही. ती जेवली, भांडं धुतलं, की त्या दिवसापुरतं संपलं. नेमके तेव्हाच दुर्वास दहा हजार शिष्य घेऊन येतात आणि नदीवर अंघोळीला जातात. द्रौपदी कृष्णाचा धावा करते. तो येतो तोच भुकेला; म्हणतो, आण बघू ते भांडं. काठाशी चिकटलेलं भाजीचं एक पान त्याला सापडतं, तो ते खातो, आणि तिकडे नदीवर सगळ्यांना ढेकर येतात. आजी ही गोष्ट डोणीपाशीच सांगायची, हातातलं पातेलं फिरवत. तिची सहानुभूती द्रौपदीला होती, पण कामाच्या बाबतीत नाही. "राजाची लेक ती, सवय कुठली? काठाखाली बोट फिरवलं नसणार."

बाबा पुढे एकदा सुट्टीत गावी गेले ते भांडारकर संस्थेच्या महाभारताबद्दल वाचून. पुण्यातल्या पंडितांनी १९१९ पासून १९६६ पर्यंत देशभरातल्या पोथ्या ताडून पाहिल्या, मागाहून चिकटलेलं सगळं काढून टाकलं आणि मूळ संहिता लख्ख केली. त्यात हा दुर्वासांचा प्रसंग मूळचा ठरला नाही, तो परिशिष्टात गेला. सत्तेचाळीस वर्षं घासल्यावर ते पान निघालंच. बाबांनी हे आजीला मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, तांब्यावर पाणी ओतलं, तो उन्हाकडे धरून पाहिला आणि म्हणाली, "असेल बाबा. पण मग दुर्वास जेवले कसे?"